सिरीयस आहे, लवकर या

ढाकणे हवालदार पप्पांना न्यायला येत, तेव्हा जीपमधून कधी उतरत नसत. फाटकाशी दोनदा हॉर्न वाजवायचे आणि पप्पा "आलो, आलो" करत, चष्म्याचं घर खिशात कोंबत बाहेर पडायचे. त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. मे महिना होता, मी शिकवते त्या शाळेला सुटी होती, मी ओट्याशी लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते. पाठीमागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं, तर ढाकणेकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे. बूट बाहेर काढून आले होते. डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता आणि टोपी काखेत होती.

"साहेब कुठायत, ताई?"

"चर्चमध्ये. शिडी घेऊन गेलेत सकाळीच. रविवारी लग्न आहे, जळमटं काढतो म्हणाले. मंडळीतले हिवाळे मास्तर म्हणत होते माणूस लावू, पण ऐकतात का कुणाचं? आज कुठं जायचंय?"

ढाकणेकाका आले म्हणजे कुठंतरी जायचंच असायचं, आणि कुठंतरी म्हणजे कुणाच्या तरी दारात.

"पाणी द्या जरा," ते म्हणाले.

पाणी पिऊन पेला त्यांनी जमिनीवर ठेवला. मग म्हणाले, "ताई, हातातली सुरी ठेवा खाली."

तेव्हाच मला कळलं. कोणाबद्दल, तेवढंच कळायचं राहिलं. कारण ते वाक्य त्यांचं नव्हतं. पप्पांचं होतं.

परदेशात म्हणे पोलीस खात्याचा स्वतःचा पाद्री असतो. आपल्याकडे असलं काही पद नाही. पण नगरच्या पोलीस लाईनीत एका वर्षात दोघा शिपायांनी गळफास घेतला, तेव्हा त्या वेळच्या एसपी साहेबांनी गावातले एक महाराज, एक मौलाना आणि आमचे पप्पा, रेव्हरंड शांतवन मकासरे, अशा तिघांना बोलावून सांगितलं की आठवड्यातून एकदा येऊन बसत चला, आमच्या माणसांशी बोला. महाराज दोनदा आले. मौलाना थकलेले होते, त्यांना जिना चढवेना. एसपी साहेबांची बदली झाली, आदेश फायलीत गेला आणि पप्पा दर बुधवारी जातच राहिले. पोलीस कल्याण शाखेच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि बंद पडलेला कूलर. शिपाई त्यांना पाद्रीबाबा म्हणायचे. सुरुवातीला टिंगल करायचे.

"पाद्रीबाबा, तुमच्यात कबुलीजबाब घेतात ना? आमच्यातपण घेतात. फक्त आम्ही पट्टा वापरतो."

"आमच्या मंडळीत तो प्रकार नाही," पप्पा म्हणायचे. "आणि तुमच्या पट्ट्याखालचा माणूस माझ्याकडे येत नाही. पट्टा धरणारा येतो. बस."

आणि तो खरंच बसायचा.

त्यातूनच दुसरं काम त्यांच्या अंगावर आलं. कुणी अपघातात दगावलं, कुणाचं प्रेत विहिरीत सापडलं की घरी कळवायला ढाकणेकाकांना पाठवत. ढाकणेकाका जाताना पप्पांना बरोबर घेऊ लागले. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. मेलेल्या माणसाच्या घरी मेला म्हणून सांगत नाहीत. सिरीयस आहे, लवकर या, एवढंच सांगतात. उरलेलं त्यांना दवाखान्याच्या फाटकाशी कळतं. पप्पांना या रीतीची चीड होती. पाथर्डीकडची एक बाई नवऱ्यासाठी मऊ भाताचा डबा घेऊन शवागाराच्या दारात उभी राहिलेली त्यांनी पाहिली होती. "तो डबा तिच्या हातात आपण दिला," असं ते आम्हा दोघा भावंडांना जेवताना सांगत होते आणि त्यांचा घास तसाच हातात होता.

म्हणून ते आधी माणसाला हातातलं खाली ठेवायला सांगत. बसवत. पूर्ण नाव घेत आणि 'वारला' म्हणत. 'गेला' नाही, 'आपल्यात राहिला नाही' असंही नाही. "गेला म्हटलं की आई विचारते, कुठं गेला?" त्यानंतर ते काहीच बोलत नसत. पहिला नातेवाईक दारात येईपर्यंत बसून राहत.

मी सुरी ताटलीत ठेवली.

"सुजित," ढाकणेकाका म्हणाले.

सुजित माझा भाऊ. अठ्ठावीस वर्षांचा. आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि मी सतरा. सुटीच्या दिवशी पप्पांबरोबर पोलीस मुख्यालयात जाता जाता त्याला तिथल्या मैदानाचं वेड लागलं. नाशिक ग्रामीणला शिपाई म्हणून लागला, तेव्हा गणवेशातला पहिला फोटो त्यानं मला पाठवला होता, पप्पांना नाही. खाली लिहिलं होतं, 'इस्त्री कशी आहे?'

"चांदवडच्या अलीकडे," ढाकणेकाका म्हणाले. "नाकाबंदी होती पहाटेची. ट्रकवाल्यानं बॅरिकेडसकट..."

"कसा आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग टोपी दोन्ही हातांत धरून म्हणाले, "ताई, साहेबांबरोबर साठ-सत्तर घरं केली मी. बोलायचे ते. मी नुसता बाजूला उभा राहायचो. मला नाही व्हायचं हे. तुम्ही सांगा."

घड्याळात पावणेदहा वाजले होते.

चर्च आमच्या घरामागेच. मी आत गेले तेव्हा पप्पा शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर उभे होते. डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात बांबूला बांधलेला झाडू. एकसष्ट वर्षांचा माणूस.

"दीनाबाई, शिडी धरा जरा. हा खांब हलतोय की मी, कळत नाही."

"पप्पा, खाली या."

"बोल ना. ऐकू येतंय."

"खाली या आधी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्यामागे, मोज्यांवर उभ्या असलेल्या ढाकणेकाकांकडे. शिडी खरंच हलली.

"सुजितचा अपघात झालाय," मी म्हणाले. "सिरीयस आहे."

ते पडतील म्हणून मी तसं म्हणाले. तेवढ्यापुरतं. ते खाली उतरले, त्यांचे पाय फरशीला लागले, तेव्हा मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य उरलं होतं.

"शुद्धीवर आहे?"

"नाही."

"रक्त फार गेलंय?"

"हो."

यातलं काही खोटं नव्हतं. ढाकणेकाका गाडीकडे वळले. शिडी तशीच राहिली.

निघताना पप्पांनी फोन माझ्याकडे दिला, "तू बोल सगळ्यांशी, मला नीट ऐकू येत नाही," म्हणून. मी तो पर्समध्ये टाकला. ते ढाकणेकाकांशेजारी बसले, मी मागे. मी ठरवलं की राहुरी येईपर्यंत सांगायचं. राहुरी आली आणि गेली. मग ठरवलं, कोपरगावला, गोदावरीच्या पुलावर. पर्समध्ये पप्पांचा फोन थरथरायला लागला. नाव दिसलं: गणेश, सुजितचा मित्र. तो फोन थांबला की दुसरा यायचा. पर्स मी पोटाशी घट्ट धरून ठेवली आणि शेवटी फोन आतल्या आत बंद केला.

पप्पा प्रार्थना करत होते. त्यांना मी जन्मभर प्रार्थना करताना ऐकलं होतं. आई कर्करोगानं तळमळत होती तेव्हासुद्धा त्यांची प्रार्थना 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या शब्दांनी संपायची. मंडळीतल्या लोकांनाही ते तेच शिकवायचे. मागा, पण शेवटी त्याच्यावर सोडा. त्या दिवशी ते शब्द आले नाहीत. जीपच्या आवाजात मधूनच मला ऐकू येत होतं. "पाय घे प्रभू. लागला तर दोन्ही घे. मी सांभाळीन त्याला. जीव ठेव."

पूल आला. खाली पाणी फार नव्हतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. आता खरं सांगायचं तर त्यात दया होती तेवढाच लोभही होता. त्या जीपमध्ये एक माणूस सुजितला जिवंत समजत होता. तो समजत होता तोवर मलाही थोडी जागा होती.

येवल्याजवळ पप्पा म्हणाले, "ढाकणे, कुठं काही खायला मिळतंय का बघा."

ढाकणेकाकांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"सकाळपासून नुसत्या चहावर आहे मी. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत. त्याचा आणि माझा गट एकच, ओ पॉझिटिव्ह. तिकडे पोचल्यावर वेळ जायला नको."

रस्त्याकडेला एक केळीवाली होती. पप्पा उतरले, अर्धा डझन केळी घेतली आणि गाडीला टेकून उभ्यानंच खाऊ लागले. त्यांना केळं कधी आवडलं नाही. एक संपलं की साल नीट पिशवीत ठेवून ते दुसरं सोलत होते. औषध घेतल्यासारखे घास उतरवत होते.

"तू पण खा, दीना. तुझाही तोच गट ना?"

"माझा बी."

"मग राहू दे," ते म्हणाले आणि तिसरं सोललं.

ढाकणेकाका गाडीच्या मागे गेले होते. मी गेले तर ते चाकाशी उकिडवे बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून राहिले होते.

"सांगा ताई," ते म्हणाले. "तुमच्या पाया पडतो. मी नाही बघू शकत हे."

"तुम्ही का नाही सांगितलं?"

"मी भेकड आहे म्हणून," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले.

मी पुढं आले. पप्पांच्या मिशीला केळ्याचा कण लागला होता. मी पदरानं तो पुसला. ते थांबले, लहान मुलासारखा चेहरा पुढं करून. मी म्हणाले, "पप्पा..."

"ढाकणे, तुमचा फोन द्या हो," ते म्हणाले. "हिवाळे मास्तरांना सांगतो. मंडळी जमवतील."

त्यांनी फोन लावला. "मास्तर, मी शांतवन. सुजितला अपघात झालाय. हो. ऐका, लोकांना चर्चमध्ये बोलवा. दुपारभर प्रार्थना चालू ठेवा. शिडी बाजूला करा तेवढी... हॅलो? मास्तर? ऐकू येतंय का?" त्यांनी फोन कानापासून लांब धरून पाहिला. "रडतायत मास्तर. फार हळवा माणूस."

गावात एव्हाना सगळ्यांना कळलं होतं.

पुन्हा गाडीत बसलो. मनमाड गेलं. आता मी काहीही ठरवत नव्हते.

दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली दहा-बारा पोलीस उभे होते. आमची गाडी आत वळली, तशी एकेकानं टोपी काढली. पप्पांचा एक पाय खाली आणि एक अजून पायरीवर होता. सहा वर्षं ते असल्या टोप्या काढलेल्या माणसांच्या बाजूनं उभे राहत आले होते. तो पाय पायरीवर तसाच राहिला.

एक तरुण इन्स्पेक्टर पुढं आला. "काका, आम्ही खूप प्रयत्न केले, पण..."

पप्पांनी हात वर केला. तो थांबला. मग पप्पा माझ्याकडे वळले.

"तुला कधी कळलं?"

"पावणेदहाला."

त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दोन वाजत आले होते.

"चार तास," ते म्हणाले.

"पप्पा, तुम्ही शिडीवर होतात. मला वाटलं..."

"मी त्याचे पाय देऊन टाकत होतो, दीना."

एवढंच. आवाज चढला नाही. ते आत निघाले. मी मागोमाग गेले, तर मागं वळून न बघता त्यांनी तळहात माझ्या दिशेनं धरला. थांब म्हणून. दार झुललं आणि बंद झालं. मी बाकावर बसून राहिले. भावाला मी पाहिलं ते संध्याकाळी, पेटीत.

या गोष्टीबद्दल पप्पा पुन्हा कधीही बोलले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी ते मुख्यालयात गेले. पुढच्या महिन्यात फाटकाशी हॉर्न वाजला, तेव्हा चष्म्याचं घर खिशात कोंबत बाहेर पडले. मी पुढच्या वर्षी पुण्याला बदली मागून घेतली. आमच्यात भांडण झालं नाही. झालं असतं तर ते कधीतरी मिटलंही असतं. ते दर रविवारी फोन करायचे, पाणी वेळेवर येतं का, गुडघा कसा आहे, विचारायचे. नाताळाला मी चार दिवस जायची. आम्ही सुजितच्या कबरीवर फुलं ठेवायचो, तिथं ते प्रार्थना करायचे, आणि मी ऐकत असायची की 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे शब्द येतात का. शेवटी ते शब्द परत आले. पण मला माफी मिळाली असं काही त्यावरून कळेना.

अकरा वर्षं अशी गेली.

या जानेवारीत हिवाळे मास्तरांचा फोन आला. "दीना, साहेबांची तब्येत जरा जास्त आहे. लवकर ये."

मी त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. शुद्धीवर आहेत का, हेसुद्धा नाही. हातातलं पुस्तक खाली ठेवलं, बसस्थानकावर गेले आणि नगरच्या गाडीत बसले.

दफनानंतर तिसऱ्या दिवशी ढाकणेकाका आले. निवृत्त होऊन त्यांना सात वर्षं झाली होती. हातात काठी होती. खुर्ची दिली तरी भिंतीशी खालीच बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. पप्पांचं शिकलेले.

"मी त्यांना फसवलं," शेवटी मीच म्हणाले. "त्यांनी मला तोंडानं बोल लावला नाही कधी. पण जाईपर्यंत त्यांच्या मनातून ते गेलं नाही."

"नाही गेलं," ढाकणेकाका म्हणाले. "ते खरं आहे."

मी खाली पाहिलं.

"पण तुम्हाला वाटतं ते नाही, ताई. सुजितभाऊनंतर साहेबांची रीत बदलली. कुणाच्याही दारात गेलो की पहिल्यांदा मला म्हणायचे, ढाकणे, या घरात आधीच कळलेलं कोण आहे ते बघा. मी म्हणायचो, साहेब, आपण तर सांगायला आलोय. म्हणायचे, कुणीतरी असतंच. आणि असायचं की हो. मोबाईल आलेले. एखाद्या सुनेला, एखाद्या मेव्हण्याला फोन आलेला असायचा आणि तो गुपचूप घरात वावरत असायचा."

"मग?"

"आधी त्याच्याकडे जायचे. राहुरी फॅक्टरीकडं एक घर होतं. म्हातारीचा मुलगा वारलेला. म्हातारी ओसरीवर निवांत गहू निवडतीय. साहेब तिला नमस्कार करून सरळ आत गेले. आत सून. तिचाच नवरा. सकाळी आठला फोन आलेला तिला, आम्ही अकराला पोचलो. सासूला कसं सांगायचं म्हणून भाकऱ्या थापत बसलेली. घरात माणसं चार आणि भाकऱ्यांची ही एवढी चळत. तरी हात चाललेलेच. साहेबांनी गॅस बंद केला. फरशीवर तिच्याशेजारी बसले. म्हणाले, पोरी, कधीपासून? ती म्हणाली, आठपासून. म्हणाले, पुष्कळ झालं. आता बाहेर मी सांगतो. तू बस. तिचे पिठाचे हात त्यांनी आपल्या हातात घेतले, तेव्हा कुठं ती रडली."

खिडकीबाहेर कुणीतरी चर्चचं आवार झाडत होतं. ढाकणेकाकांनी काठी आडवी करून मांडीवर ठेवली.

"परत येताना गाडीत साहेब म्हणाले, माझ्या दीनानं त्या दिवशी चार तास भाकऱ्या थापल्या, ढाकणे. भाऊ तिचाही होता. आणि मी तिला दाराबाहेर उभं केलं."

"मला का नाही सांगितलं?"

"मीपण तेच म्हटलं. म्हटलं, साहेब, हे ताईंना सांगा की. दर वर्षी येतात. तर म्हणाले, 'दर नाताळाला ठरवतो, ढाकणे. स्टँडवर जाईपर्यंत सांगायचं म्हणतो. मग ती गाडीत बसते, आणि मी खिडकीतून बिस्किटाचा पुडा देतो.'"